दुसरी चूल

चांगुणाबाई अक्षरं शिकली ती एका गाळलेल्या मजकुरापायी.

तिचा एकुलता एक मुलगा नागनाथ औरंगाबादला बोर्डिंगात राहून शिकला, इंजिनिअर झाला आणि सत्तर साली शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेला. शिकागोच्या वरच्या अंगाला समुद्राएवढं गोड्या पाण्याचं तळं आहे, त्याच्या काठच्या एका शहरात. त्या शहराचं नाव चांगुणाबाईच्या जिभेवर कधी बसलं नाही. ती आपली 'नागनाथचं गाव' म्हणायची. महिन्या-दीड महिन्यानं त्याचं निळं पत्र तिच्या गावाला, बोरीला यायचं. पोस्टमन बन्सीधर ते शाळेतल्या अप्पाराव गुरुजींच्या हातात द्यायचा, गुरुजी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे आणि गावाच्या कडेची सगळी वसाहत ऐकायची.

एकदा गुरुजी वाचता वाचता अडखळले. चांगुणाबाई त्यांच्या तोंडाकडं नाही, डोळ्यांकडं बघत होती. डोळे चार ओळी खाली उतरले आणि तोंडातून एवढंच निघालं, "खोली मिळाली आहे. प्रकृती उत्तम आहे."

"गुरुजी, मधलं काय राह्यलं?"

"काही नाही, चांगुणाबाई. हवापाण्याचं लिहिलंय."

"चार वळी हवापाणी?"

बाया हसल्या. गुरुजीही हसले आणि पत्राची घडी घालून त्यांनी तिच्या हातात दिली. माणूस वाईट नव्हता. आईला चारचौघांत वाईट ऐकवू नये म्हणून त्यानं ते गाळलं होतं. पण त्या दिवसापासून चांगुणाबाईला भाकर गोड लागेना. लेकराचं काय दुखतंय ते कागदावर आहे, कागद आपल्या हातात आहे, आणि आपल्याला तो मुका.

त्याच साली जिंतूरहून बदलून आलेल्या प्रमोदिनी बाईंनी विहाराच्या ओसरीत दुपारचा बायांचा वर्ग काढला. पहिल्या दिवशी नऊ जणी आल्या. कापसाची वेचणी लागली तशा दोन उरल्या. माघात एकटी चांगुणाबाई. पन्नाशी उलटलेली बाई मांडीवर पाटी घेऊन बसायची आणि पोरं ओसरीच्या खांबाआडून ओरडायची, "आज्जे, ग गवताचा!" ती म्हणायची, "व्हय रं, तुझ्या डोस्क्यात उगवलेल्या."

आठ महिने लागले. मग एके दिवशी तिनं ते पत्र पेटीतून काढलं आणि बोट ठेवत ठेवत त्या चार ओळी वाचल्या.

'आई, अकरा ठिकाणी खोली रिकामी आहे असं फोनवर सांगितलं. मी दारात उभा राहिलो की ती भाड्यानं गेलेली असायची. एका बाईनं तर दार न उघडता काचेतूनच हात हलवला. घर कुणालाही मिळावं म्हणून इथल्या काळ्या लोकांनी कित्येक महिने रोज मोर्चे काढले, दगड खाल्ले, कायदाही झाला. शेवटी एका काळ्या म्हातारीनं तळघरातली खोली दिली. तिनं एकच विचारलं, तू घोरतोस का?'

चांगुणाबाईनं ते तीनदा वाचलं. रडू यायला हवं होतं, पण घोरण्याच्या गोष्टीनं तिला हसू फुटलं. नागनाथ लहानपणापासून बापासारखा घोरायचा.

त्या म्हातारीचं नाव बेसी. चांगुणाबाईनं तिची बेसीबाई केली. मग पत्रांतून दोघींची ओळख वाढत गेली. चांगुणाबाई सांगायची, प्रमोदिनी बाई लिहायच्या, तिकडं नागनाथ बेसीबाईला समजावून सांगायचा आणि तिचं उत्तर कळवायचा. बेसीबाई दक्षिणेतल्या कापसाच्या मुलखात जन्मली. नवऱ्याबरोबर तरुणपणीच वर शहरात आली. नवरा कातडी कमावायच्या कारखान्यात होता. तिथल्या वासाच्या कामाला दुसरं कुणी लवकर यायचं नाही, म्हणून काळ्यांना घेत. जन्मभराच्या त्या वासावर दोघांनी एक लाकडी घर घेतलं. नवरा गेला, घर राहिलं. थंडीत ती जुन्या कापडाच्या चिंध्या जोडून वाकळी शिवायची.

"कातडं, कापूस अन् वाकळ," चांगुणाबाई म्हणाली. "बाई, ही तर आपलीच की हो! आमच्या सासऱ्यानं छप्पन सालानंतर ढोरं वढायचं सोडलं, तवर आमच्या घरालाबी त्योच वास व्हता."

प्रमोदिनी बाई लिहीत राहिल्या.

एकदा नागनाथनं लिहिलं की बेसीबाईनं घर घेतलं तेव्हा ती आळी सगळी गोऱ्यांची होती, जर्मन लोकांची. हिचं सामान उतरलं आणि महिन्याभरात शेजारचं घर विकायला निघालं. मग त्याच्या शेजारचं. पाच वर्षांत सगळे गोरे उठून शहराबाहेर नव्या वस्तीत गेले. त्यांच्यामागं दुकानं गेली, डॉक्टर गेला.

"हे नवलच," चांगुणाबाई म्हणाली. "आपल्याकडं गावकूस एका जागी असतंय. आपल्याला भाईर बसिवलं की झालं. तिकडं आपण आत गेलो की गावच उठून पळायलंय."

प्रमोदिनी बाई बोरीत आल्या तेव्हा घरमालकिणीनं त्यांना आडनाव विचारूनच खोली दिली होती. त्यांनी हातातलं पेन दोनदा फिरवलं आणि म्हणाल्या, "पुढचं सांगा, मावशी."

पुढचं म्हणजे चेष्टा. "इचारा म्हणावं, येका दिवसात किती कापूस वेचीत व्हतीस? मी मानवतच्या पेठेला गाडी भरून धाडलीय." त्यावर बेसीबाईचं उत्तर आलं, "तुझ्या आईला सांग, मी चौदाव्या वर्षी पाठीमागं पिशवी ओढत तिच्यापुढं शंभर हात असते, आणि वर गाणंही म्हणत असते." सोबत तिचा फोटो होता. लाकडी घर, पुढं दगडाच्या तीन पायऱ्या, पायरीवर फुलाफुलांचा झगा घातलेली एक जाडजूड बाई कमरेवर हात ठेवून उभी. चांगुणाबाईनं तो फोटो भगवानरावांच्या, म्हणजे आपल्या मालकांच्या फोटोशेजारी लावला.

बहात्तरचा पाऊस गेला तो गेलाच. त्र्याहत्तरच्या मार्चात बोरीच्या विहिरींना तळ लागले होते. त्या दिवसांत नागनाथचं पत्र आलं आणि चांगुणाबाईनं ते स्वतःच फोडून वाचलं.

'आई, आळीवरून मोठा रस्ता जाणार आहे. बाहेरच्या नव्या वस्तीतल्या लोकांना मोटारीनं झटक्यात शहरात येता यावं म्हणून. अर्धी आळी पाडून झाली. बेसीबाईचं घर राहिलं आहे. त्याच्या बदल्यात तिला दुसरं घर मिळणार की नुसतं उठवून लावणार, ते एक साहेब येऊन घर बघून ठरवणार आहे. वीस मार्चला येतो म्हणाले आहेत. ती मला म्हणाली, तुझ्या आईला एकदा उठवलं होतं ना, तिला विचार काय करायचं. मी म्हटलं, ऑफिसात विचारू. तर म्हणते, ऑफिसातली माणसं काय सांगतात ते मी साठ वर्षं ऐकते आहे. उठवलेली बाई काय सांगते ते मला ऐकायचं आहे. वाघझरीच्या वेळी मी लहान होतो. मला नीट आठवत नाही. तू कळव.'

चांगुणाबाई पत्र हातात धरून उंबऱ्यावरच बसली.

तिला सगळं आठवत होतं. येलदरीच्या मोठ्या धरणाचं काम चाललं होतं त्याच सुमाराला डोंगरात वाघझरी नावाच्या गावाजवळ एक छोटा तलाव बांधायला काढला. वाघझरी पाण्याखाली जाणार होती. त्या गावात भगवानराव आणि त्यांचे दोन भाऊ एकत्र राहायचे. तिघांच्या तीन बायका, सात लेकरं आणि म्हातारी सासू. चूल मात्र एक. सासूनं ओढ्याची चिकणमाती तुडवून स्वतःच्या हातानं घातलेली, मागं काळा चपटा दगड लावलेली. वाघझरीत भावाभावांच्या चुली फुटत होत्या, पण यांची फुटली नव्हती आणि त्याचा भगवानरावांना फार डौल होता.

मोजणीचा साहेब आला. त्याचा दंडक असा की जितक्या चुली तितकी घरं, आणि जितकी घरं तितक्या नव्या जागा. ही खबर गावातल्या तात्यारावांना आधीच लागली. त्यांनी चार पोरांच्या चार चुली मांडल्या. एक तर गोठ्यात, आणि म्हैस त्या धुराकडं बघत उभी. धाकट्याचं लग्नही झालं नव्हतं. साहेबानं विचारलं, "याची बायको कुठे?" तात्याराव म्हणाले, "माहेरी गेलीय, साहेब." चार जागा मिळाल्या.

भगवानरावांना कुणीतरी सांगितलं होतं, तुम्हीही तीन मांडा. साहेब दारात आला तेव्हा ते छाती काढून म्हणाले, "आमी तिघं भाऊ, पर चूल येकच हाय आमची."

साहेबानं एक लिहिलं. बोरीच्या कडेला एक जागा मिळाली, दहा हात बाय पंधरा. त्या जागेत तीन संसार मावले नाहीत. वर्षाच्या आत भाऊ भांडले. थोरला औरंगाबादला गेला, धाकटा कुठं गेला ते आजवर कळलं नाही. सासू विचारायची, "चूल कोन्ती पेटलीय आज?" आणि उत्तराची वाट न बघता कूस बदलायची. पासष्टात भगवानराव गेले. शेवटच्या आजारात ते एवढंच म्हणत, "मी खरं बोललो गं. खरं बोललो अन् घर बुडिवलं."

चांगुणाबाईनं बोटांवर दिवस मोजले. पत्र वाटेत कुठंतरी रखडलं होतं. वीस तारखेला सतरा दिवस उरले होते आणि जायला पंधरा तरी लागणार. ती उठली ती तडक शाळेत गेली.

"सांगा, मावशी, काय लिहू?" प्रमोदिनी बाईंनी निळा कागद पुढं ओढला.

"न्हाई, बाई. ह्ये मी लिव्हणार."

तिनं तोवर स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं नव्हतं. शाळा सुटली, पोरं गेली, शिपायानं खोल्यांना कड्या घातल्या, तरी ती लिहीत होती. बाई शेजारी बसून होत्या, पण तिनं त्यांना पेन लावू दिलं नाही.

'नागनाथ यास आईचा जयभीम. बेसीबाईला सांग. चूल एक ठेवू नको. तुझी चूल खाली वेगळी मांड. भांडी वेगळी ठेव. साहेब आला की तू तुझ्या चुलीवर भाकर टाक. तिनं तिच्या चुलीवर टाकावी. दोन घरं दिसली पाहिजेत. तुझा बाप खरं बोलला आणि आपण बुडालो. बेसीबाईनं खरं बोलू नये. हे मी स्वता लिहिलं.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ते बन्सीधरच्या हातात दिलं. त्यानं अक्षर बघितलं. "काकू, ह्ये तुमचं?" "मंग कुनाचं?" ती म्हणाली आणि इतकी ताठ चालत घरी गेली की वाटेतल्या बायांनी विचारलं, पोरगं यायलंय का काय.

त्यानंतर पाच दिवसांनी वसाहतीतल्या बाया सांगत आल्या, वाघझरी वर आली. तलाव पार आटला होता आणि त्यातला गाळ काढायचं दुष्काळी काम निघालं होतं. चांगुणाबाई त्यांच्याबरोबर बघायला गेली. भेगाळलेल्या चिखलात घरांचे पाये उघडे पडले होते. तिनं आपलं घर शोधलं. माती विरघळून गेली होती, पण चुलीमागचा काळा चपटा दगड होता तिथंच होता. ती त्याच्यापाशी बसली.

"वैनी, तुमी हितं?"

दत्तराव होता. मोजणीच्या वेळी साहेबाची साखळी ओढणारा माणूस, आता या कामावर टिकाव-फावडी सांभाळायला होता. भगवानरावांचा दोस्त. त्यांना आधी सावध केलं होतं ते यानंच.

"बसा, भावजी. तुमचंच ध्यान झालं," चांगुणाबाई म्हणाली आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. अमेरिका, रस्ता, बेसीबाई, पत्र. सांगताना तिचा चेहरा उजळला होता. "तुमी तवा सांगितलेलं मालकानं ऐकलं न्हाई. आता कुनाच्या तरी कामी येईल."

दत्तरावानं तोंडातलं पान थुंकलं. "वैनी, त्यो दंडक त्या साहेबाचा व्हता."

"म्हंजी?"

"म्हंजी चुलीचा हिसाब वाघझरीपुरता. दोन सालानं खाली दुसऱ्या तलावाला गेलो मी, तिथला साहेब दारं मोजायचा. अन् तिसऱ्या जागी तर उलटंच. येका छपराखाली दोन चुली दिसल्या की म्हनायचा, ह्ये ठगायलेत. नावच काटायचा. बेजार झाली लोकं. परत्येक साहेबाचा येगळा कायदा. अमेरिकेच्या साहेबाचा कोन्ता, ते आपल्याला काय ठाव?"

चांगुणाबाईच्या हाताखालचा दगड उन्हानं तापला होता. तिला तो गार लागला.

"भावजी, पत्र गेलं की ओ माझं."

"कवा?"

"पाच रोज झाले."

 दत्तराव उठून फावडी मोजू लागला.

ती चालत बोरीला आली. बन्सीधर म्हणाला, "काकू, ते त्याच दुपारी परभणीला गेलं." ती दुसऱ्या सकाळी एस.टी.त बसून परभणीला गेली. टपालाच्या खिडकीतल्या माणसानं कपाळाला हात लावला. "मावशी, तुमचं पत्र आता विमानात असेल. आणि इथं असतं तरी मी देऊ शकलो नसतो. पेटीत टाकलेलं पत्र ज्याच्या नावाचं त्याचं."

"मग आता?"

"तार करा. दोन दिवसांत मिळेल."

तारेच्या खिडकीपाशी रांग होती. चांगुणाबाईनं नागनाथचं पत्र आत सरकवलं, मागं इंग्रजीत पत्ता होता. पदराच्या गाठीत पैसेही होते. कारकून तरुण होता. त्यानं चष्म्यावरून बघितलं.

"कोण वारलं, मावशी?"

"कुनी न्हाई वारलं."

"मग बरंय. सांगा मजकूर. थोडक्यात सांगा, एकेक शब्द मोजून असतो."

चांगुणाबाईनं तोंड उघडलं. 'चूल मांडू नको', हे तिच्या ओठावर आलं होतं. पण तिथंही चुलीच मोजत असले तर? मग बेसीबाई भगवानरावांसारखी छाती काढून एक चूल म्हणेल आणि बुडेल. 'मांड' म्हणावं तर ते आधीच गेलं आहे. 'तिथल्या जाणत्याला विचार' म्हणावं, तर तिथं विश्वासाचं कुणी विचारायला असतं तर त्या बाईनं बोरीला कशाला विचारलं असतं?

"सांगा ना."

"थांबा, बाबा."

"मावशी, मागं लोक उभेत."

"लिव्हा..." ती म्हणाली. कारकुनानं पेन टेकवलं. मागचा माणूस खाकरला. ते पेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं आणि शाईचा एक ठिपका वाढत गेला.

"राहू द्या," ती म्हणाली आणि पत्र मागं घेऊन बाजूला झाली.

ती पाचच्या गाडीपर्यंत तिथंच भिंतीला टेकून उभी होती. मधून मधून खिडकी मोकळी व्हायची. कारकून तिच्याकडं बघायचा, ती मान हलवायची.

घरी आल्यावर प्रमोदिनी बाईंनी तिला फार समजावलं. तिकडचे लोक शिकलेले असतात, नागनाथ इंजिनिअर आहे, तो काय डोळे मिटून ऐकेल का? चांगुणाबाई म्हणाली, "त्यो ऐकंल, बाई. त्याचा बाप मरताना त्यो उशाला व्हता."

वीस मार्च उजाडला. तिनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. शेजारच्या बायनाबाईनं भाकर आणून दिली. ती तशीच टोपल्यात वाळली.

पत्र आलं मे महिन्यात. बन्सीधरनं दिलं तेव्हा ती ते हातात धरून विहाराच्या ओसरीत गेली, प्रमोदिनी बाईंच्या शेजारी बसली, पण वाचलं स्वतःच.

'आई, तुझं पत्र अठरा तारखेला मिळालं. तुझं अक्षर बघून बेसीबाईनं ते कितीतरी वेळ हातात धरलं. मी जुन्या बाजारातून गॅसची शेगडी आणली. दोघांनी मिळून ती तळघरात बसवली. ती खूप हसत होती. तुझ्या आईला काय काय सुचतं, म्हणाली. साहेब आला तेव्हा मी भाकरी करत होतो आणि ती वर कोंबडी तळत होती. साहेब चांगला बोलला. वास छान येतोय म्हणाला. खाली येऊन त्यानं शेगडी बघितली आणि वहीत लिहिलं. आम्हाला वाटलं, जमलं.

आई, इथं उलटं आहे. ते घर एका कुटुंबासाठी म्हणून नोंदलेलं आहे. त्यात दुसरी चूल असणं हाच गुन्हा. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला बदली घर मिळतं. पण हिनं परवानगी नसताना भाडेकरूंचं घर चालवलं असं लिहून आलं आणि तिचं बदली घर अडकलं. मी जाऊन सांगितलं की शेगडी दोन दिवसांपूर्वी आणली, तिला काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, अपील करा, तारीख लागेल. ऑगस्टची तारीख लागली आहे. घर पाडायची तारीख जूनची आहे.

चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं. कंपनीतल्या गोऱ्या लोकांना विचारायची मला लाज वाटली. बेसीबाई मला काही बोलली नाही. तिनं शेगडी राखेनं घासून लख्ख केली आणि शेजारच्यांना देऊन टाकली.'

चांगुणाबाईनं पत्र मांडीवर ठेवलं.

"मावशी, तुमचा काय दोष?" प्रमोदिनी बाई म्हणाल्या. "तुम्हाला जे माहीत होतं ते तुम्ही सांगितलं."

"व्हय," ती म्हणाली. "मालकबी तेच म्हनायचे."

तिनं त्याच दिवशी बेसीबाईला पत्र लिहायला घेतलं. तीन दिवस लागले. त्यात तिनं भगवानरावांचं सगळं लिहिलं. आणि शेवटी, तुझं घर माझ्या हातानं गेलं, मला बोल लाव पण नागनाथला लावू नको, असं लिहिलं.

जुलैत नागनाथचं उत्तर आलं. चांगुणाबाईचं पत्र तिकडं पोचलं तेव्हा घर पाडून झालं होतं. बेसीबाई भाचीकडं दुसऱ्या शहरात गेली. पत्ता कळवते म्हणाली होती, कळवला नाही. अपिलाच्या तारखेला तरी येईल म्हणून तो वाट बघत होता. 'तुझं पत्र माझ्या खणात ठेवलं आहे.'

ऑगस्टात ती आली नाही. त्या साली बोरीला पाऊस झाला. तलाव भरला आणि वाघझरी पुन्हा पाण्याखाली गेली.

चांगुणाबाईची पत्रं चालूच राहिली, पण तिला एक खोड लागली. पत्र लिहून झालं की ती ते भगवानरावांच्या फोटोमागं खोचून ठेवायची आणि आठ दिवसांनी काढून पुन्हा वाचायची. त्यात कुणाला काही कर म्हणून सांगितलेलं नाही ना, ते बघायची. मगच बन्सीधरला द्यायची. बन्सीधर चेष्टेनं म्हणायचा, "काकू, मुरलं का लोणचं?" ती हसायची नाही. नागनाथनं विचारलं, लग्नाचं काय करू? तिनं लिहिलं, इथं पाऊस बरा आहे. त्यानं विचारलं, इथंच राहू की परत येऊ? तिनं लिहिलं, बायनाबाईची शेळी व्याली. नागनाथला वाटलं, आई रागावली. त्यानं तसं लिहिलंही. त्यावर काय लिहावं तेही तिला कळेना. तिनं लिहिलं, मी रागावले नाही.

सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात एक जाड पाकीट आलं. आत फोटो होता. उंच वाळकं गवत, लांबवर नुसतंच मोकळं रान, आणि मधोमध दगडाच्या तीन पायऱ्या. पायऱ्यांच्या वर काही नाही.

'आई, तो रस्ता आता होणार नाही. शहरानं बेत सोडून दिला. इतकी घरं पाडली, इतकी माणसं गेली, आणि आता म्हणतात नको. मी परवा तिथं गेलो होतो. पायऱ्या तेवढ्या पाडायच्या राहिल्या आहेत. मी त्यांच्यावर थोडा वेळ बसलो. बेसीबाईचा अजून पत्ता नाही.'

चांगुणाबाईनं तो फोटो जुन्या फोटोशेजारी धरला. त्याच तीन पायऱ्या. जुन्या फोटोत एकीवर फुलाफुलांचा झगा होता, कमरेवर हात होता.

प्रमोदिनी बाईंची बदली केव्हाच मानवतला झाली होती. आता शेजारी बसायला कुणी नव्हतं. तिनं पेटीवर कागद ठेवून लिहिलं.

'नागनाथ यास आईचा जयभीम. फोटो मिळाला. पुन्हा गेलास तर बघ. वरची चूल कुठं होती ते कळतं का. आमच्या वाघझरीला चुलीचा दगड राहिला होता.'

एवढंच लिहून तिनं कागद चिकटवला आणि फोटोमागं खोचला. आठ दिवसांनी काढला, फोडला, वाचला. 'बघ' या शब्दावर तिचं बोट थांबलं. तेही सांगणंच झालं. दाराशी बन्सीधर सायकलची घंटी वाजवत उभा होता.

"काकू, द्यायचंय का काही?"

"न्हाई," ती आतून म्हणाली. "अजून न्हाई."